खोडव्याचं रान भुसभुशीत करायचंय? जिवाणू शेवटी आणा

खोडवा म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा घेतलेलं पीक. उसाचा फड तुटला की ट्रॉलीच्या चाकांखाली सऱ्या दगडासारख्या होतात आणि आपण कृषी सेवा केंद्रात जिवाणू मागायला धावतो. आम्हीही दोन वर्षं तेच केलं. जिवाणू सोडत होतो आणि पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, पेटवत होतो, म्हणजे त्यांच्या तोंडचा घास आधीच जाळलेला. जिवाणू ढेकूळ फोडत नाहीत. ते काडीकचरा खातात, त्यांच्यापासून चिकट स्राव सुटतो, त्याने मातीचे बारीक कण एकमेकांना धरून रवे होतात. त्या रव्यांमधल्या फटींतून हवा-पाणी खाली उतरतं. जमीन मोकळी होते ती अशी.

म्हणून तयारी तोडीआधीच धरा. साधारण 15 दिवस आधी पाणी बंद करा, कारण ओल्या काळ्या रानात भरलेली ट्रॉली गेली की झालेलं नुकसान कुठल्याच जिवाणूने लवकर भरून निघत नाही. ट्रॉलीची वाट ठरवून द्या, साऱ्या फडात चाकं फिरू देऊ नका. पाचट पेटवायचं नाही हे घरात आणि शेजारच्या बांधावरही सांगून ठेवा.

वाफशावर, म्हणजे माती ना चिंब ना कोरडी असताना, लोखंडी सळई हाताने दाबून बघा. जिथे ती अडते ती खोली वहीत लिहा. मग वाळलेलं ढेकूळ काचेच्या ग्लासात, पाण्यात ठेवा. ते फुटून तळाशी बसलं तर मातीत सेंद्रिय कर्ब कमी असण्याची शक्यता आहे. पाणी तासन्‌तास गढूळच राहिलं तर चोपण, म्हणजे सोडियम जास्त झालेल्या, जमिनीची शंका घ्या. अशा वेळी आधी माती परीक्षण. सोडियम जास्त निघाला तर जिप्सम आणि निचरा लागतो, तिथे नुसत्या जिवाणूंवर पैसे घालवू नका.

सामान थोडंच आहे. टनभर पाचटाला 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन. पाचटात कर्ब भरपूर, नत्र कमी. युरिया दिला नाही तर जिवाणू मातीतलं नत्र ओढतात आणि खोडवा पिवळा पडतो. संवर्धनाच्या पाकिटावरची अंतिम तारीख बघा, ते सावलीत ठेवा, खताच्या पोत्याला टेकवू नका. तणनाशकाचा पंप वापरू नका, संवर्धनासाठी वेगळी बादली ठेवा.

बुडखे जमिनीलगत छाटून पाचट सरीत दाबून घ्या. आधी खत टाका. संवर्धन चाळलेल्या शेणखतात मिसळून उन्हं कलल्यावर पाचटावर पसरा आणि लगेच हलकं पाणी द्या. पाचट ओलसर राहिलं पाहिजे, पण सरी तुडुंब भरली तर हवा कोंडते. बगला फोडायची, म्हणजे सरीच्या कडा नांगरायची, घाई नको. जुन्या मुळ्या जागेवर कुजू द्या, त्यांच्या पोकळीतून नवी मुळं खाली जातात.

पुढच्या तोडीनंतर वही काढून त्याच जागी सळई पुन्हा दाबा.