ऑटोनॉमस फोर्कलिफ्टचा सेफ्टी स्कॅनर: फील्ड अंदाजाने नव्हे, मोजून ठरवा

ऑटोनॉमस फोर्कलिफ्टवर सेन्सरांची गर्दी असते, पण समोर माणूस आला तर गाडी थांबवायची जबाबदारी बहुतेक गाड्यांवर एकाच जातीच्या सेन्सरवर असते: जमिनीलगतच्या सेफ्टी लेझर स्कॅनरवर. गाडीभोवतीचा जो पट्टा हा स्कॅनर राखतो आणि ज्यात काही आलं की गाडी थांबते, तो म्हणजे फील्ड. मास्टच्या (फोर्क वर-खाली नेणाऱ्या खांबाच्या) टोकावरचा लिडार, म्हणजे लेझरने अंतर मोजणारा सेन्सर, गाडी नकाशात कुठे आहे ते सांगतो. थ्रीडी कॅमेरा वरचे अडथळे बघतो. दोन्ही उपयोगाचे, पण त्यातल्या बहुतेकांना सेफ्टी रेटिंग नसतं. आयएसओ ३६९१-४ हे चालकविरहित औद्योगिक गाड्यांचं मानक माणूस ओळखणाऱ्या यंत्रणेसाठी परफॉर्मन्स लेव्हल डी मागतं (सुरक्षा यंत्रणा किती भरवशाची, याच्या ए ते ई अशा चढत्या पायऱ्यांतली चौथी). खरेदीच्या वेळी "आमचा कॅमेरा माणूस ओळखतो" असं ऐकलं, की पहिला प्रश्न हाच विचारा: कोणत्या लेव्हलला?

बसवणी

स्कॅनरचा किरण एकाच आडव्या पातळीत फिरतो. ही पातळी जमिनीपासून २०० मिमीच्या वर जाऊ देऊ नका, कारण पडलेला माणूसही दिसला पाहिजे. फार खालीही नको. फरशीचे सांधे आणि उंचवटे अडथळा वाटायला लागतात. १५० मिमीच्या आसपासची उंची बहुतेक गाड्यांना मानवते.

उंचीपेक्षा जास्त त्रास कलाचा. २ अंश खाली कललेला, १०० मिमीवर बसवलेला स्कॅनर सुमारे २.९ मीटरवर जमिनीला टेकतो, म्हणजे ३ मीटरचं फील्ड लावलं तर गाडी रिकाम्या गल्लीतही थांबणार. उलट १ अंश वर कलला, तर ३ मीटरवर पातळी ५२ मिमीने वर गेलेली असते आणि आडवा पडलेला माणूस निसटू शकतो. किरण इन्फ्रारेड असतो, डोळ्यांना दिसत नाही. म्हणून लॅपटॉपवर लाइव्ह चित्र उघडा, गाडीपासून १ मीटरवर एक सपाट पाटी जमिनीवरून सावकाश वर न्या आणि किती उंचीला दिसते ते टिपून घ्या. मग हेच ३ मीटरवर, डाव्या आणि उजव्या टोकालाही करा. आकडे जुळेपर्यंत ब्रॅकेट सैल-घट्ट करा. ही तपासणी रिकाम्या आणि भरलेल्या, दोन्ही गाडीवर करायची. वजन आलं की गाडीचा कल बदलतो.

सुमारे २७० अंश बघणारे दोन स्कॅनर तिरक्या कोपऱ्यांत बसवले की चारही बाजू झाकल्या जातात, कागदावर तरी. फोर्कच्या बाजूला मात्र फोर्क, गाडीचे आधाराचे पाय आणि पॅलेट स्वतःच आड येतात. तिथे प्रत्यक्ष काय दिसतं ते पॅलेट उचललेल्या स्थितीत तपासा.

फील्डची लांबी

इथे अंदाज चालत नाही. गाडीवर पूर्ण क्षमतेचा, घट्ट बांधलेला माल ठेवा, आसपास कोणी नको, आणि कमाल वेगाला सेफ्टी आउटपुट (स्कॅनरचा गाडी थांबवणारा सिग्नल) तोडून थांबवा. सॉफ्टवेअरचा हळुवार स्टॉप मोजून उपयोग नाही, त्यात खरा ब्रेक लागतच नाही. किमान दहा वेळा करा आणि सरासरी न घेता सगळ्यात लांब अंतर धरा. एन्कोडरच्या (चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरच्या) लॉगमध्ये आउटपुट तुटल्यापासून वेग उतरायला लागेपर्यंतचा वेळ म्हणजे कंट्रोलर आणि ब्रेक यांची दिरंगाई; त्यानंतरचं अंतर ब्रेकचं. फरशी ओली होत असेल, तर ओल्या फरशीवरही मोजा. पावसाळ्यात डॉकचं दार दिवसभर उघडं राहतं आणि भिवंडी-चाकणच्या गोदामांत दारापासून आत बरीच फरशी ओली असते.

उदाहरण घेऊ. वेग सेकंदाला १.५ मीटर, मोजलेलं ब्रेकिंग १.१३ मीटर. ब्रेक झिजतात म्हणून त्यावर १० टक्के, म्हणजे १.२४. स्कॅनरचा प्रतिसाद ८० मिलिसेकंद, पुढची दिरंगाई १००, या ०.१८ सेकंदात गाडी ०.२७ मीटर पुढे जाते. स्कॅनरच्या मोजमापातली चूक ०.१० मीटर. गाडीखाली पाऊल जाण्याइतकी फट नसेल तर आणखी ०.१५. बेरीज १.७६ मीटर, ही किमान लांबी. (मोजमापातल्या चुकीसाठी आणि पावलासाठी धरायचा नेमका आकडा आपापल्या स्कॅनरच्या मॅन्युअलमधून घ्या. रिफ्लेक्टर जवळ असतील तर काही मॅन्युअल वेगळी भर सांगतात.)

ब्रेकिंग वेगाच्या वर्गाने वाढतं. याच गाडीला २ मीटर वेगाला २.८ मीटर फील्ड लागेल, ०.८ मीटर वेगाला ०.७५ मीटर पुरेल. म्हणून एकच फील्ड न ठेवता वेगानुसार तीन-चार संच ठेवा आणि एन्कोडरच्या सिग्नलवर बदला. वेग वाढण्याआधी मोठं फील्ड लागलं पाहिजे, नंतर नव्हे. वळणाला सरळ फील्ड बाहेरच्या रॅकला भिडतं आणि आतला कोपरा उघडा सोडतं, तेव्हा स्टिअरिंगच्या कोनानुसार वाकवलेले संचही लागतात.

पॅलेटमध्ये फोर्क घालताना पॅलेट हाच अडथळा, त्यामुळे फील्ड आखडावं लागतं. माणूस ओळखण्याची सोय अशी बंद असताना वेग सेकंदाला ०.३ मीटरच्या वर जाऊ द्यायचा नाही, आणि ही सवलत नकाशात ठरवून दिलेल्या जागांपुरतीच. आखडलेल्या फील्डनिशी गाडी गल्लीत आली, तर काही उपयोग नाही.

गाडी उगाच थांबते तेव्हा

कमिशनिंगनंतर, म्हणजे गाडी तपासून कामाला लावल्यावर, आठवड्याभरात तक्रार येतेच: गाडी मध्येच थांबते, डिस्पॅच तुंबतो. मग कोणीतरी फील्ड "थोडं" आत ओढतं. वर केलेली सगळी बेरीज तिथेच मोडते. कारण शोधा, ते बहुतेक वेळा फील्डच्या बाहेरचं असतं.

सगळ्यात नेहमीचा गुन्हेगार म्हणजे स्ट्रेच फिल्मचं शेपूट. पॅलेटच्या खालच्या कोपऱ्यातून वीतभर लोंबणारी फिल्म पंख्याच्या वाऱ्याने हलते आणि किरणात येते. उपाय रॅपिंग मशीनवर आहे: टोक आत खोचा.

धूळ असेल तर सॉफ्टवेअरमध्ये मल्टिपल सॅम्पलिंग वाढवता येतं, म्हणजे ओळीने जास्त स्कॅनमध्ये वस्तू दिसली तरच थांबायचं. पण ४० मिलिसेकंदांचा एक स्कॅन धरला, तर दोनाचे चार केल्यावर प्रतिसाद ८० वरून १६० मिलिसेकंद होतो आणि १.५ मीटर वेगाला फील्ड ०.१२ मीटर लांबवावं लागतं. हे लांबवायचं हमखास राहून जातं.

डॉक लेव्हलर (ट्रक आणि फरशी जोडणारी उचलती फळी) आणि रॅम्पचा चढ स्कॅनरला भिंतीसारखा दिसतो. चढाआधीच वेग उतरवून छोटा संच लावा. कोल्ड स्टोअरमधून बाहेर आल्यावर काचेवर दव धरतं. हीटर असलेला स्कॅनर घ्या किंवा गाडीला दोन तापमानांत ये-जा करू देऊ नका. संध्याकाळी पश्चिमेच्या दारातून थेट ऊन काचेवर येत असेल, तर दाराला पडदा लावणं स्वस्त पडतं. समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्यांचे स्कॅनर एकमेकांना चकवत असतील, तर त्यांच्या पातळ्यांत फरक ठेवा.

काच पुसायला अँटिस्टॅटिक प्लास्टिक क्लीनर आणि धागे न सुटणारं कापड. कॉटन वेस्टने पुसलेल्या काचेवर महिन्याभरात चरे पडतात आणि "काच घाण" ही सूचना पुसूनही जात नाही.

स्कॅनरला न दिसणारं

दुसऱ्या फोर्कलिफ्टचे छातीएवढे उचललेले फोर्क, टेबलाची फळी, रॅकबाहेर आलेली पाईप, भिंतीला टेकवलेली शिडी: यांचा जमिनीलगत एक बारीक पाय दिसतो किंवा काहीच दिसत नाही. यासाठी मास्टवर खाली झुकवलेला टाइम-ऑफ-फ्लाइट (प्रकाश परत यायला लागणाऱ्या वेळावरून अंतर मोजणारा) थ्रीडी कॅमेरा लावतात. सेफ्टी प्रमाणित थ्रीडी कॅमेरेही मिळतात, उदाहरणार्थ सिक या जर्मन सेन्सर कंपनीचा सेफव्हिजनरी२, पण तो लेव्हल सीचा, म्हणजे डीच्या एक पायरी खालचा आहे. तो स्कॅनरच्या जोडीला ठेवा, त्याच्या जागी नको. फोर्कच्या टोकाला फोटोइलेक्ट्रिक (प्रकाशकिरणाने वस्तू ओळखणारा) सेन्सर हवा. रॅकमधलं मागचं पॅलेट ढकललं जाणं तोच वाचवतो.

तपासणी

दोन नळकांडी कायमची जवळ ठेवा: ७० मिमी व्यासाचं ४०० मिमी उंच, आणि २०० मिमी व्यासाचं ६०० मिमी लांब. पहिलं पायासारखं उभं, दुसरं पडलेल्या माणसासारखं वाटेत आडवं ठेवायचं. गाडीच्या रुंदीत मध्ये आणि दोन्ही कडांना, प्रत्येक संचासाठी, गाडी नळकांड्याला न लागता थांबली पाहिजे. अडथळा हलल्यावर गाडी आपोआप निघत असेल, तर मध्ये किमान २ सेकंद जाऊ द्या. बंपर दाबला गेला असेल तर मात्र माणसाने येऊन रीसेट केल्याशिवाय गाडी हलू नये.

काच बदलली की कॅलिब्रेशन, चाक बदललं किंवा झिजलं की पाटीची तपासणी, ब्रेकचं काम झालं की थांबण्याचं अंतर पुन्हा. आणि स्कॅनरच्या कॉन्फिगरेशनचा चेकसम (सेटिंग बदललं की बदलणारा ओळख-आकडा) कमिशनिंगच्या दिवशी वहीत लिहून ठेवा. दर महिन्याला वहीतला आणि स्कॅनरमधला आकडा ताडून पाहा. वेगळा निघाला, तर रात्रपाळीत कोणीतरी फील्ड आत ओढलेलं असण्याची शक्यता मोठी. तो संच पुन्हा नळकांड्यांनी तपासेपर्यंत गाडी उभी ठेवा.