कमी बजेटमध्ये गेमिंग संगणकाचे भाग कसे निवडावेत

भाग निवडण्याआधी मॉनिटर ठरवावा, कारण १०८० पिक्सेलच्या (फुल एचडी) पडद्यावरच खेळायचे असेल, तर अतिमहागड्या ग्राफिक्स कार्डाची बरीचशी ताकद वाया जाते. तरीही एकूण रकमेचा सर्वांत मोठा वाटा ग्राफिक्स कार्डासाठीच राखावा आणि त्यात ८ जीबी मेमरी असल्याची खात्री करावी. रेडिऑन आरएक्स ६६०० हे कार्ड आता जुने असले, तरी त्याची वीजमर्यादा १३२ वॅट असल्याने एसएमपीएसही (संगणकाला वीज पुरवणारा भाग) फार मोठा लागत नाही.

प्रोसेसर ६ कोअरचा पुरेसा आहे. रायझन ५ ५६०० घेतल्यास एएम४ सॉकेटचा (प्रोसेसर बसवण्याच्या जागेचा प्रकार) मदरबोर्ड आणि डीडीआर४ प्रकारची रॅम चालते. मात्र त्यात अंगभूत ग्राफिक्स नाही, त्यामुळे ‘कार्ड पुढच्या महिन्यात घेऊ’ असा बेत असल्यास पडद्यावर काहीच दिसणार नाही. रॅम १६ जीबीच्या एका पट्टीऐवजी ८ जीबीच्या दोन पट्ट्यांत घ्यावी, म्हणजे प्रोसेसर आणि रॅम यांच्यामधल्या दोन्ही मार्गांनी (ड्युअल चॅनेल) डेटा वाहतो. साठवणीसाठी हार्ड डिस्कऐवजी तिच्यापेक्षा खूप वेगवान असलेली एनव्हीएमई एसएसडी घ्यावी.

काटकसर करू नये ती एसएमपीएसवर. स्वस्त कॅबिनेटबरोबर येणारा एसएमपीएस टाळलेलाच बरा. ‘८० प्लस’ हे चिन्ह केवळ विजेची कार्यक्षमता सांगते, संरक्षणाची हमी देत नाही. कॅबिनेटमधल्या शोभेच्या रंगीत दिव्यांचे पैसे इकडे वळवावेत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर खरेदी करताना प्रत्येक भागाचा अनुक्रमांक जीएसटी बिलावर लिहून घ्यावा, कारण वॉरंटीच्या वेळी तोच विचारला जातो.