बे एरियात मोटरसायकल घ्यावी का? नव्याने आलेल्यांसाठी

कॅलिफोर्नियातल्या सॅन फ्रान्सिस्को परिसरात, म्हणजे बे एरियात, दर वर्षी गणपतीच्या दिवसांत भारतातून नव्याने आलेल्या मुलामुलींशी गाठ पडते. घर कोणत्या भागात घ्यावे, डाळी-मसाले कुठे मिळतात हे विचारून झाले की त्यांतले दोघे-तिघे हमखास मोटरसायकलचा विषय काढतात. दुचाकीवर वाढलेल्या माणसाला चारचाकीत कोंडल्यासारखे होते, हे मला समजते. मी स्वतः सतरा वर्षांपूर्वी सांगलीहून पुण्यामार्गे येथे आलो आणि त्यांतली अकरा वर्षे येथील रस्त्यांवर मोटरसायकल चालवली. म्हणून उत्तर आधी सांगतो आणि कारणे मागाहून. पहिले वर्षभर घेऊ नका. रोज कामावर जाण्यासाठी कधीच घेऊ नका. त्यानंतर निव्वळ आवडीसाठी घ्यावीशी वाटली, तर तुम्ही पडल्यावर ज्यांना तुमची उस्तवार करावी लागेल, त्यांना विचारून घ्या.

आपल्याकडे दुचाकी हा घरातला गरजेचा जिन्नस आहे. दूध आणणे, मुलांना शाळेत सोडणे, आईला बँकेत नेणे ही सगळी कामे तिच्यावर होतात आणि त्यामुळे तिच्या धोक्याचा वेगळा विचार कोणी करत बसत नाही. येथे तिच्यावाचून कोणाचे अडत नाही. ती हौस आहे. हौसेला माझा विरोध नाही, परंतु गरजेपोटी पत्करलेला धोका आणि हौसेपोटी पत्करलेला धोका यांचा हिशेब एकाच वहीत मांडता येत नाही.

नव्याने आलेल्यांचा सर्वांत मोठा गैरसमज असा असतो की, ज्याने लक्ष्मी रोडवर गर्दीच्या वेळी गाडी काढली, त्याला येथील आखीव, रुंद रस्ते सोपेच जाणार. मलाही तसेच वाटले होते. पुण्यातल्या रिक्षावाल्याची, बसचालकाची, अगदी रस्ता ओलांडणाऱ्या आजोबांचीही नजर दुचाकीला सरावलेली असते. वळणाआधी कुठून तरी दुचाकी येणारच, असे ते धरून चालतात. आपण ज्याला स्वतःचे कौशल्य समजतो, त्यातला निम्मा भाग समोरच्यांच्या त्या नजरेचा असतो आणि तो भाग विमानात बरोबर येत नाही. येथील चालक चौकात मोटारी शोधतो. मोटार दिसली नाही, म्हणजे रस्ता मोकळा आहे असे त्याचे डोळे त्याला सांगतात, आणि तुम्ही समोर असूनही त्याला दिसत नाही.

त्यात रस्त्याची बाजू बदललेली असते. आठवडाभरात उजवीकडून चालवण्याची सवय होते, पण ती सवय शांत डोक्याची असते. पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावर पार्किंगमधून बाहेर पडताना, किंवा समोर अचानक काही आल्यावर शरीर जुन्याच सवयीने डावीकडे झुकते, आणि येथे डावीकडे समोरून येणारी वाहने असतात. ही जुनी सवय पुरती मोडायला मला वर्षाहून अधिक काळ लागला. तोपर्यंत आपल्याभोवती पत्रा आणि एअरबॅग असलेली बरी.

आता आकडे पाहू. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या माहितीनुसार २०२३ मध्ये देशात ६,३३५ मोटरसायकलस्वार मृत्युमुखी पडले, आणि तेवढ्याच अंतराच्या प्रवासात मोटारीतल्या माणसाच्या तुलनेत मोटरसायकलवरच्या माणसाच्या मृत्यूचे प्रमाण सुमारे २८ पट होते. हा आकडा ऐकल्यावर प्रत्येक जण म्हणतो की त्यात दारू पिऊन चालवणारे आणि परवाना नसलेलेही आले. ते खरे आहे. मृत चालकांपैकी चौथा हिस्सा तरी कायदेशीर मर्यादेपलीकडे दारू प्यालेला असतो, आणि जीवघेण्या अपघातांतल्या सुमारे एक तृतीयांश चालकांकडे मोटरसायकलचा वैध परवाना नसतो. दारूला न शिवणारा, शिकून परवाना घेतलेला, हेल्मेट घालणारा आणि वेग आवरणारा माणूस आपला धोका खरोखरच बराच कमी करू शकतो. परंतु हे सगळे वजा केल्यावरही जे उरते, ते मोटारीपेक्षा कितीतरी जास्त असते, कारण उरलेला भाग दुसऱ्याच्या हातात असतो.

हा दुसऱ्याच्या हातातला भाग कसा दिसतो, हे दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या हॅरी हर्ट यांनी १९८१ मध्येच दाखवून दिले. त्यांच्या पथकाने लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली. ज्या अपघातांत दुसरे वाहन होते, त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश अपघातांमध्ये त्या वाहनाच्या चालकाने मोटरसायकलस्वाराचा आधी जाण्याचा हक्क डावलला होता, आणि धोका दिसल्यापासून धडक बसेपर्यंत स्वाराला बहुधा दोन सेकंदही मिळाले नव्हते. अपघातात सापडलेल्या स्वारांपैकी ९२ टक्के जण स्वतःच्या स्वतः किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून गाडी शिकलेले होते. मोठ्या चुलतभावाने शाळेच्या मैदानावर एका दुपारी गिअर टाकायला शिकवले आणि आपण शिकलो, असे आपल्यापैकी बहुतेकांचे असते. तो आकडा वाचताना मला आपलीच पिढी आठवली.

आजही दोन वाहनांच्या जीवघेण्या अपघातांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक अपघातांत चित्र तेच असते: मोटरसायकल सरळ जात असते किंवा दुसऱ्या वाहनाला ओलांडत असते आणि दुसरे वाहन डावीकडे वळते.

माझा अपघात नेमका असाच झाला. मी २०१४ मध्ये एका संध्याकाळी कामावरून परत येत होतो. सिग्नल हिरवा होता, वेग ताशी तीस मैलांच्या आसपास होता, पूर्ण बाह्यांचे संरक्षक जाकीट आणि चांगले हेल्मेट अंगावर होते. समोरच्या मोटारीतल्या माणसाची नजर माझ्याकडे वळल्याचे मी पाहिले होते, म्हणून निश्चिंत झालो, आणि तो वळला. गळपट्टीचे हाड आणि उजवे मनगट मोडले. जाकीट आणि हेल्मेट नसते, तर हे लिहायला मी राहिलो नसतो. माझी चूक शोधण्याचा मी पुष्कळ प्रयत्न केला; चौकापाशी वेग आणखी कमी करता आला असता, एवढेच हाती लागले. त्यानंतरचे पाच महिने माझी पत्नी माझ्या शर्टाची बटणे लावत होती, अपघात झाला तेव्हा तिच्या पोटात आमची मुलगी होती, आणि सांगलीला आईला मी व्हिडिओ कॉलऐवजी साधे फोन करत होतो. धोका मी पत्करला होता आणि त्याची किंमत त्या दोघी चुकवत होत्या. त्या दिवसापासून कामावर मोटरसायकलने जाणे मी बंद केले. धोका मैलागणिक साठतो, आणि रोजच्या येण्याजाण्यात मैल सर्वाधिक असतात, चालक थकलेले असतात, मावळतीचे ऊन डोळ्यांवर असते.

पहिल्या वर्षाबद्दल मी इतका आग्रही का आहे, ते आता सांगतो. गंभीर आजारपणात १२ आठवड्यांची बिनपगारी रजा देऊन नोकरी राखून ठेवणारा केंद्रीय कायदा येथे आहे, परंतु त्यासाठी त्या कंपनीत १२ महिने आणि किमान १,२५० तास काम झालेले असावे लागते. कॅलिफोर्नियात आजारपणात पगाराचा काही भाग राज्याच्या अपंगत्व विम्यातून मिळतो; मात्र तो साधारण पाच ते अठरा महिन्यांपूर्वीच्या येथील कमाईवर ठरत असल्याने नुकत्याच आलेल्या माणसाच्या वाट्याला काहीच येत नाही. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असताना नोकरी गेली, तर दुसरी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवसांची मुदत मिळते, आणि तुमच्या जोडीदाराचा व मुलांचा येथील मुक्कामही त्याच नोकरीवर टांगलेला असतो. मोडलेल्या मनगटाने साठ दिवसांत मुलाखती देऊन नोकरी मिळवणे ज्याला जमेलसे वाटते, त्याने प्लास्टरमध्ये आठवडाभर टंकलेखन करून पाहावे. पहिल्या वर्षी तुमच्या पायाखाली यांतला एकही पुरता आधार नसतो.

विम्याचा विचारही आधीच करावा लागतो. १ जानेवारी २०२५ पासून कॅलिफोर्नियात प्रत्येक वाहनमालकाला एका माणसाच्या इजेसाठी किमान ३०,००० डॉलरचा विमा बाळगावा लागतो. त्याआधी ही मर्यादा १५,००० डॉलर होती. तुम्हाला धडकणाऱ्या माणसाकडे किमान विमाच असेल, तर एका शस्त्रक्रियेत आणि रुग्णालयातल्या दोन दिवसांच्या मुक्कामात ती रक्कम संपते. म्हणून स्वतःच्या पॉलिसीत विमा नसलेल्या व अपुरा विमा असलेल्या चालकांपासूनचे संरक्षण भरपूर घ्या. कंपनीला ते तुमच्यापुढे ठेवावेच लागते, आणि हप्ता कमी करण्यासाठी ते नाकारण्याच्या कागदावर पुष्कळ जण न वाचता सही करतात. आरोग्य विम्यात वर्षाला जास्तीत जास्त किती रक्कम तुमच्या खिशातून जाऊ शकते, तो आकडा पाहून ठेवा आणि तेवढे पैसे बाजूला असल्याशिवाय शोरूममध्ये पाऊल टाकू नका.

एवढे सगळे होऊन मी अजून चालवतो का? हो, महिन्यातून एक-दोनदा, रविवारी सकाळी. वुडसाइडहून हायवे ८४ ने रेडवुडच्या झाडांतून वर चढत गेले की वर स्कायलाइनचा रस्ता लागतो, आणि पलीकडे ला होंडावरून उतरत सॅन ग्रेगोरिओला समुद्र समोर येतो. पावसाळ्यात ताम्हिणी घाटात जे वाटायचे, ते मला या देशात फक्त तेथेच वाटते, आणि त्या दोन तासांची किंमत शून्य आहे असे मी कोणालाही सांगणार नाही. झाडांखालचा रस्ता सकाळी धुक्याने ओला असतो, वळणांवर झाडांची सुईसारखी पाने आणि बारीक खडी पडलेली असते, हरणे अचानक आडवी येतात; म्हणून मी तेथे सावकाश जातो आणि मागून घाई करणाऱ्याला बाजूला होऊन वाट देतो.

तुम्हीही घ्यायचे ठरवलेच, तर परवान्यापासून सुरुवात करा. येथे राहू लागल्यावर भारतातला परवाना चालत नाही; मोटरसायकलसाठी एम-वन हा वेगळा वर्ग काढावा लागतो. २१ वर्षांखालील मुलांना प्रशिक्षण सक्तीचे आहे. त्यावरील वयाच्या माणसाला डीएमव्हीच्या, म्हणजे राज्याच्या मोटार वाहन विभागाच्या, मैदानावर परीक्षा देऊन ते टाळता येते, पण टाळू नका. प्रशिक्षणात जोरात ब्रेक लावणे आणि अडथळा चुकवणे शिकवतात, आणि वीस वर्षे गाडी चालवूनही मला त्यांतले नीट काही येत नव्हते. गाडी लहान घ्या, एबीएस असलेली घ्या. शंभर-सव्वाशे सीसीवरून थेट सहाशे सीसीच्या शर्यतीच्या धाटणीच्या गाडीवर बसण्याची भूल येथे फार जणांना पडते. अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेला अशा गाड्यांच्या चालकांचा मृत्युदर इतर मोटरसायकलींच्या जवळजवळ चौपट आढळला होता.

कॅलिफोर्नियात मोटारींच्या दोन रांगांमधून पुढे जाणे कायदेशीर आहे. २०१७ पासून ते कायद्यात लिहिलेलेच आहे. आपल्याला ते ओळखीचे वाटते आणि तीच त्यातली मेख आहे. बर्कलीच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवले की, वाहतूक ताशी ५० मैल किंवा त्याखाली असताना आणि आपला वेग तिच्यापेक्षा १५ मैलांहून अधिक नसताना हे तुलनेने सुरक्षित असते. पहिली दोन वर्षे तर वाहने थांबलेली किंवा सरपटत असतील तेव्हाच ते करा.

गाडीची चावी हातात घेण्याआधी एक काम करा. तुमचे आईवडील व्हिसाशिवाय येथे येऊ शकत नाहीत. बेशुद्ध अवस्थेत तुम्हाला रुग्णालयात नेले, तर डॉक्टर ज्याच्याशी बोलतील, असा येथला एक मित्र किंवा मैत्रीण निवडा, समोर बसून त्यांची संमती घ्या, आरोग्यविषयक निर्णयांचा अधिकार देणारा कॅलिफोर्नियाचा अर्ज दोन साक्षीदारांसमोर भरा आणि त्याची प्रत त्यांच्याकडे द्या. माझ्या वेळी असा कागद नव्हता, आणि सात महिन्यांची गरोदर पत्नी रात्री अकरा वाजता एकटीच टॅक्सीने रुग्णालयात आली होती.