जुनी टोइंग गाडी गरम होते? आधी या चुका टाळा

ठाण्यात घोडबंदर रोडवर गायमुखच्या चढाला, मागे बंद पडलेली गाडी बांधलेली असताना तापमानाचा काटा लालला टेकला, की दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये पहिला बळी जातो थर्मोस्टॅटचा, म्हणजे पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणाऱ्या झडपेचा. ‘काढून टाका, पाणी मोकळं फिरेल.’ असं करू नका. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडतो तेव्हाच रेडिएटर टाळून जाणारी बायपासची वाट बंद करतो. तो काढला की थोडं गरम पाणी रेडिएटरला न शिवताच इंजिनात परत जातं. चढाला गाडी तापायची ती तापतेच, आणि रिकामी परतताना इंजिन थंड राहून डिझेल जास्त पितं. संशय असेल तर तो पातेल्यातल्या पाण्यात टाकून तापवा. त्यावर छापलेल्या तापमानाच्या आसपास, म्हणजे बहुधा ८० ते ९० अंशांदरम्यान उघडायला लागला, तर तो निर्दोष आहे.

पार्ट बदलण्याआधी ड्रायव्हरला एकच विचारा: तापते कधी?

कापूरबावडीच्या ट्रॅफिकमध्ये तापते आणि मोकळ्या रस्त्यावर काटा खाली येतो, तर हवा कमी पडतेय. पंख्याचा पट्टा, असल्यास व्हिस्कस कपलिंग (गरम झाल्यावर पंख्याला वेग देणारा जोड) आणि पंख्याभोवतीचं कव्हर पाहा. हे कव्हर तुटलं की लोक फेकून देतात. मग पंखा रेडिएटरमधून हवा न ओढता बाजूचीच हवा घुसळत बसतो.

उभी असताना ठीक, पण मुंब्रा बायपासच्या चढाला लोड घेऊन तापते, तर पाणी पुरेसं फिरत नाहीये. रेडिएटर आतून चोक असेल, पंपाची पाती झिजली असतील. रेस दिल्यावर खालचा होज पाइप आत चिपकतो का, तेही बघा. हे हमखास राहून जातं.

रेडिएटर चोक होण्याचं मोठं कारण आपणच ओततो. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या जड पाण्याने नळ्यांत क्षार बसतात. कूलंट फक्त थंड प्रदेशासाठी असतं हा समज सोडा. ते गंज रोखतं, उकळणंही लांबवतं. डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं-निम्मं घाला. रेडिएटरच्या झाकणाकडेही दुर्लक्ष नको. ०.९ बारचं झाकण धड असेल तर साधं पाणीसुद्धा साधारण ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. रबर कडक झालं की हा फायदा गेला.

इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा भाग, उतरवण्याची घाई करू नका. सकाळी थंड इंजिन झाकण उघडं ठेवून चालू करा. बुडबुडे थांबतच नसतील, किंवा झाकण लावून सुरू केल्यावर वरचा पाइप लगेच टणक होत असेल, तरच हेड गॅस्केटवर (हेडखालच्या सीलवर) संशय घ्या.

आणि तापलेल्या गाडीचा काटा अचानक खाली पडला, तर सुटलो असं समजू नका. पाणी संपल्यामुळे सेन्सर उघडा पडलेला असू शकतो. लगेच इंजिन बंद करा. झाकणाला अर्धा तास तरी हात लावू नका आणि तापल्या इंजिनात थंड पाणी ओतू नका. हेडला चीर जाते.