जुन्या गाडीच्या हीटरची तपासणी: डॅशबोर्ड उतरवण्याआधी

जुन्या गाडीचा हीटर बिघडला आहे हे आपल्याकडे सहसा दोनच वेळा कळते: भर पावसात आंबोलीच्या किंवा ताम्हिणीच्या घाटात आतून धुरकटलेली काच पुसून पुसून हात दुखू लागतो तेव्हा, नाहीतर डिसेंबरात गाडी घेऊन मनालीला निघायचे ठरते तेव्हा. गॅरेजमध्ये गेल्यावर बहुधा लगेच हीटर कॉइल बदलण्याची भाषा सुरू होते आणि त्यासाठी अनेक गाड्यांत अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. एकदा उतरवलेला जुना डॅशबोर्ड पुन्हा पहिल्यासारखा क्वचितच बसतो, म्हणून त्याआधी पुढील तपासणी घरीच करून पाहावी.

हीटरची रचना साधी आहे. इंजिनात तापलेले कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे पाणी, दोन होज पाइपांतून डॅशबोर्डखालच्या एका छोट्या रेडिएटरमध्ये, म्हणजे हीटर कॉइलमध्ये फिरते आणि ब्लोअर त्या कॉइलवरून हवा ढकलतो. काही गाड्यांत गरम-थंडचा दांडा सरकवल्यावर केबलने पाण्याचा व्हॉल्व्ह उघडतो, तर काहींत पाणी सतत फिरत असते आणि केबलने फक्त हवेच्या वाटेतला फ्लॅप हलतो. त्यामुळे दोष पाण्याच्या बाजूला आहे की हवेच्या, एवढे आधी ठरवले की निम्मे काम झाले.

सुरुवात पूर्ण थंड इंजिनावर करावी. रेडिएटरचे झाकण उघडून पाणी काठापर्यंत आहे का ते पाहावे. केवळ शेजारच्या प्लास्टिकच्या बाटलीवर विसंबू नये, कारण झाकणाचा व्हॉल्व्ह किंवा रबर खराब असेल तर बाटली भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा, असे सर्रास आढळते. गरम इंजिनावर हे झाकण कधीही उघडू नये. पातळी ठीक असल्यास गाडी पंधरा-वीस मिनिटे चालवून तापमानाचा काटा स्थिर होऊ द्यावा, एसी बंद ठेवावा, दांडा पूर्ण गरमवर आणि ब्लोअर दुसऱ्या वेगावर ठेवून डॅशबोर्डवरच्या मधल्या हवेच्या जाळीत थर्मामीटर पाच मिनिटे खोचून ठेवावा. तापाचा थर्मामीटर इथे निरुपयोगी आहे, कारण तो ४२ अंशांच्या आसपास संपतो. स्वयंपाकघरातला किंवा प्रयोगशाळेतला वापरावा. चांगला हीटर साधारण ५० अंश सेल्सिअस किंवा त्याहून गरम हवा देतो. चाळिशीही गाठत नसेल तर कुठेतरी अडले आहे हे नक्की.

आता बॉनेट उघडून फायरवॉलमध्ये, म्हणजे इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्यात, शिरणारे दोन होज शोधावेत. ते खरोखर आत जातात का, हेही पाहावे. कॉइल गळू लागल्यावर ते दोन्ही इंजिनाकडेच एकमेकांना जोडून टाकलेल्या गाड्या सेकंडहँड बाजारात कमी नाहीत. इंजिन चालू असताना पट्ट्यापासून आणि पंख्यापासून बाह्या दूर ठेवून दोन्ही होजना फडक्यातून क्षणभर हात लावावा. इन्फ्रारेड थर्मामीटर असल्यास तो काळ्या रबरावर धरावा, कारण चकचकीत धातूवर तो चुकीचा आकडा दाखवतो.

दोन्ही होज सारखेच कडक तापले असतील तर पाणी नीट फिरते आहे आणि दोष हवेच्या बाजूला आहे. एक कडक आणि दुसरा गार असेल तर पाण्याचा व्हॉल्व्ह उघडत नाही किंवा कॉइल तुंबली आहे. डॅशबोर्डवरचा दांडा सरकवून व्हॉल्व्हवरचा खटका हलतो का ते एका सोबत्याला पाहायला सांगावे. बऱ्याचदा केबल क्लिपमधून निसटलेली असते आणि दुरुस्ती दोन मिनिटांत होते.

दोन्ही होज कोमट असतील तर मात्र संशय थर्मोस्टॅटवर, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या व्हॉल्व्हवर घ्यावा, आणि महाराष्ट्रात तो बहुतेक वेळा खरा ठरतो. गाडी घाटात तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकण्याची सवय आपल्या गॅरेजांना फार जुनी आहे. माझ्या कार्ब्युरेटरच्या मारुती ८०० मध्ये आधीच्या मेकॅनिकने तेच केले होते: शहरातल्या गर्दीत हीटर बरा चालायचा, पण हायवेवर ऐंशीचा वेग धरला की काटा पाव भागाखाली उतरायचा आणि जाळीतून वरणासारखी कोमट हवा यायची. थर्मोस्टॅटच्या हाउसिंगचे दोन बोल्ट काढले तेव्हा आत नुसते गॅस्केट होते. इंजिन कायम थंड राहिले की पेट्रोल जास्त जळते आणि झीजही वाढते, त्यामुळे हा प्रश्न केवळ उबेचा नाही.

थर्मोस्टॅट जागेवर असेल तर तो काढून स्वयंपाकात न लागणाऱ्या पातेल्यात, तळाला टेकणार नाही असा दोऱ्याने टांगून पाणी तापवावे. त्याच्या कडेवर तापमान कोरलेले असते, बहुधा ८२ किंवा ८८. थंड पाण्यात तो घट्ट मिटलेला हवा, त्या आकड्याच्या आसपास उघडायला लागायला हवा आणि पाणी उकळेपर्यंत पूर्ण उघडायला हवा. परत बसवताना कडेवर छोटे भोक असल्यास ते वरच्या बाजूला ठेवावे, म्हणजे हवा अडकत नाही.

एक लक्षण थर्मोस्टॅट नसण्याच्या नेमके उलटे असते: इंजिन रेस केले की गरम हवा, आणि सिग्नलला थांबले की गार. असे होत असल्यास पाणी कमी आहे, हवा अडकली आहे किंवा वॉटर पंप थकला आहे असे समजावे. डॅशबोर्डमागून खळखळ ऐकू येणे ही अडकलेल्या हवेची खूण आहे. ती काढण्यासाठी गाडीचे नाक चढाकडे करून, थंड इंजिनावर झाकण काढून, दांडा गरमवर ठेवून इंजिन सुरू करावे आणि वरचा रेडिएटर होज तापेपर्यंत पातळी भरत राहावे. यानंतरही बुडबुडे थांबत नसतील तर हेड गॅस्केटची (इंजिन ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांमधल्या सीलची) तपासणी करून घ्यावी.

तुंबलेल्या कॉइलचे मूळ बहुधा वर्षानुवर्षे घातलेल्या नळाच्या पाण्यात असते. थंड इंजिनावर दोन्ही होज सोडवून, परतीच्या तोंडातून बागेच्या पाइपने हलक्या दाबाने उलटे पाणी सोडावे आणि तांबूस गाळ संपेपर्यंत थांबावे. सर्व्हिस स्टेशनचा प्रेशर गन वापरल्यास जुनी कॉइल फुटू शकते. नंतर कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे भरावे; हे मिश्रण सुमारे उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. सांडलेले कूलंट गोडसर पण विषारी असते, म्हणून कुत्र्या-मांजरांच्या वाटेत राहू देऊ नये. पायाखालचा गालिचा ओला लागणे, गोडसर वास येणे आणि काचेवर चिकट धुके बसणे ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसली तर मात्र कॉइल खरोखर गळते आहे आणि डॅशबोर्ड उतरवण्याला पर्याय नाही.

हवेच्या बाजूचे दोष तुलनेने सोपे आहेत. ब्लोअर फक्त शेवटच्या वेगावर चालत असेल तर त्याचा रेझिस्टर (कमी वेगांसाठी वीज घटवणारा भाग) बहुधा जळलेला असतो. अजिबात चालत नसेल तर आधी फ्यूज पाहावा. हवाच कमी येत असेल तर वायपरखालच्या जाळीतला पालापाचोळा आणि उंदराचे घरटे काढावे. एक्झॉस्टचा वास येत असेल तर हीटर बंद करून काचा उघडाव्यात आणि सायलेन्सरची गळती काढल्याशिवाय तो वापरू नये.

दुरुस्तीनंतर जाळीतले तापमान पुन्हा मोजून तारीख आणि बाहेरच्या तापमानासह सर्व्हिसच्या वहीत लिहून ठेवावे, म्हणजे पुढच्या वर्षी हीटर किती उतरला हे अंदाजाने ठरवावे लागणार नाही.