डिक्शनरीत इंग्रजी शब्दाची जात पाहताना या चुका टाळा

आपल्या नागपूरला ऑरेंज सिटी म्हणतात, आणि बर्डीवरून जाणाऱ्या मेट्रोच्या एका मार्गाचं नाव ऑरेंज लाइन. दोन्हीकडे शब्द तोच, आणि दोन्हीकडे तो नामाच्या आधीच बसलाय. तरी पहिल्या ठिकाणी ते नाम आहे आणि दुसऱ्या ठिकाणी विशेषण. स्पर्धा परीक्षेच्या मुलांना मी इंग्रजी व्याकरण शिकवते. शब्दांच्या जातीवरून जे वाद माझ्या टेबलापाशी येतात, त्यांतल्या बहुतेकांचं मूळ एकच असतं. मुलं डिक्शनरी उघडतात, लेबल वाचतात आणि वाक्याकडे परत येतच नाहीत.

नामाआधी आलं म्हणजे विशेषण, हे धरून चालू नका

ही चूक सगळ्यात जास्त होते, कारण मराठीची सवय आड येते. आपण दगड भिंत म्हणत नाही, दगडी भिंत म्हणतो. 'दगड'ला ई लागली की विशेषण तयार. फळ असेल तर संत्र्याचा रस, रंग असेल तर नारिंगी शर्ट. रूप बदलतं म्हणून जात ओळखू येते. इंग्रजी मात्र 'स्टोन वॉल' म्हणते आणि 'स्टोन'ला काहीही लावत नाही. ते नामच राहतं, फक्त दुसऱ्या नामाबद्दल माहिती देतं. अशा वापरासाठी डिक्शनरी सहसा वेगळं विशेषणाचं लेबल देत नाही, कारण इंग्रजीतलं जवळजवळ कुठलंही नाम असं वापरता येतं. सगळ्यांना लेबल द्यायचं तर अर्धी डिक्शनरी त्यातच भरेल.

मागे वर्गात संत्रा बर्फीचा डबा फिरत होता, तेव्हा एका मुलीने विचारलं, "मॅडम, बर्फी तं संत्र्याची बी आहे अन् रंगानंही तशीच आहे. मग ऑरेंज बर्फीत ऑरेंज काय होय जी?" इतका नेमका प्रश्न मला त्याआधी कोणी विचारला नव्हता. उत्तर अर्थावर ठरतं. संत्र्याची बर्फी म्हणायचं असेल तर नाम, नारिंगी रंगाची म्हणायचं असेल तर विशेषण. शंका आली तर शब्द 'इज'च्या पुढे नेऊन पाहा. 'द शर्ट इज ऑरेंज' बरोबर बसतं. 'द ज्यूस इज ऑरेंज' म्हटलं की रस कशाचा हे कळत नाही, फक्त रंग कळतो. मग 'व्हेरी' लावून पाहा. 'व्हेरी ऑरेंज' शर्ट असू शकतो. 'व्हेरी स्टोन वॉल' कोणी म्हणत नाही.

काही शब्द या वाटेवर चालत पुढेही जातात. 'फन' मुळात नाम. लोक 'अ फन गेम' म्हणत राहिले, आणि आता बऱ्याच डिक्शनऱ्या त्याला विशेषण म्हणूनही नोंदवतात. डिक्शनरी वापर ठरवत नाही, झालेला वापर टिपते.

पहिलं लेबल वाचून पान उलटू नका

'राउंड' काढून बघा. गोल टेबल, चर्चेची फेरी, कोपरा वळणं, गळ्याभोवती, मागे वळून पाहणं. मराठीत प्रत्येकासाठी वेगळा शब्द, तिथे एकटा 'राउंड' विशेषण, नाम, क्रियापद, शब्दयोगी आणि क्रियाविशेषण अशी पाच कामं करतो. म्हणून आधी वाक्यात शब्द काय करतोय ते मराठीत सांगा, मग लेबल शोधा. शब्दाच्या डोक्यावरचा बारीक 1, 2 हा आकडाही वाचा. ऑक्सफर्डमध्ये तो व्युत्पत्ती वेगळी असल्याचं सांगतो. नदीकाठची 'बँक' आणि पैशांची 'बँक' तिथे दोन स्वतंत्र नोंदी आहेत. मेरियम-वेब्स्टर मात्र एकाच मुळाच्या नाम आणि क्रियापदालाही वेगवेगळ्या नोंदी देतं.

दोन डिक्शनऱ्या वेगळं सांगतात, म्हणून एक चूक ठरवू नका

'माय' मेरियम-वेब्स्टरमध्ये विशेषण आहे, ऑक्सफर्ड आणि केंब्रिजमध्ये डिटरमिनर, म्हणजे नामाआधी येऊन ते कोणतं किंवा कोणाचं हे सांगणारा शब्द. एका सराव परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवरून माझ्या वर्गात यावर तासभर भांडण झालं होतं. दोन्ही बरोबर आहेत. 'माझं पुस्तक' मधल्या 'माझं'ला आपण सार्वनामिक विशेषण म्हणतोच. जुनं लेबल त्याच जातीचं. पण 'माय' सामान्य विशेषणासारखं वागत नाही. 'व्हेरी माय' होत नाही, 'द माय बुक' होत नाही. म्हणून नव्या व्याकरणाने त्याला वेगळं घर दिलं. परीक्षेत आठ जातींचंच व्याकरण असेल तर विशेषण लिहा.

'बिफोर'चा वाद आणखी खोल आहे. डिक्शनऱ्या त्याला शब्दयोगी, उभयान्वयी आणि क्रियाविशेषण अशी तीन लेबलं देतात. हडलस्टन आणि पुलम यांच्या 2002 सालच्या केंब्रिज व्याकरणात तिन्ही ठिकाणी ते प्रिपोझिशनच, म्हणजे शब्दयोगीच आहे. मला हा विचार पटतो, पण पेपरात तो लिहू नका.

शेपूट आणि उच्चार

'ली' दिसलं की क्रियाविशेषण, हेही फसवं. विशेषणाला 'ली' लागलं तर सहसा क्रियाविशेषण होतं. नामाला लागलं तर बहुधा विशेषण, जसं 'फ्रेंडली'. 'हार्ड' स्वतःच क्रियाविशेषण आहे आणि 'हार्डली'चा अर्थ 'जेमतेम'. उच्चारातली छोटी उभी रेघ आघात दाखवते. 'रेकॉर्ड' नाम असेल तर जोर पहिल्या भागावर. क्रियापद झालं की उच्चार 'रिकॉर्ड' आणि जोर दुसऱ्यावर.

जुन्या कोशांची खुणांची यादी आधी वाचा

सॅम्युएल जॉन्सनच्या 1755 च्या इंग्रजी कोशात 'व्ही. ए.' म्हणजे सकर्मक आणि 'व्ही. एन.' म्हणजे अकर्मक क्रियापद. मुलं दुसऱ्याला व्हर्बल नाउन समजतात. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशातही अशीच गफलत होते. शब्दापुढे कंसात 'एस' पाहून एका मुलाने पानभर शब्दांना 'सब्स्टँटिव्ह' म्हणजे नाम असं लिहून ठेवलं होतं. तो 'एस' संस्कृतचा आहे. कोशाच्या सुरुवातीचं खुणांचं पान आम्ही दोघांनी मिळून वाचलं, आणि त्याने सगळी खोडाखोड स्वतः केली.