पार्किंगमध्ये मगर आली तर काय करायचं (खास बडोदेकरांसाठी)

पावसाळा सुरू झाला की पुण्याच्या नणंदबाईंचा फोन येतोच, "काय गं, आली का मगर?" आणि मग खो खो हसणं. हसू दे बापडीला. ऑगस्ट 2024 मध्ये गोकुळाष्टमीला जो पाऊस लागला त्यात विश्वामित्री नदी 35 फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी 25 फूट, आणि 27 ते 29 ऑगस्ट या तीन दिवसांत लोकवस्तीतून 24 मगरी पकडल्या, सगळ्यात छोटी 2 फुटी आणि सगळ्यात मोठी चक्क 14 फुटी, ती कामनाथनगरमधून. त्यातली एक आमच्या पार्किंगमधली होती, साधारण सहा फुटी. तेव्हा आम्ही ज्या चुका केल्या त्यावरून हे लिहितेय.

आधी ती का येते ते समजून घ्या म्हणजे अर्धी भीती जाते. ती आपल्याला खायला येत नाही हो. पावागडाकडून येणारी नदी आपल्या गावाच्या मधून जाते, तिच्या काठात मगरी बिळं करून राहतात, पूर आला की बिळं भरतात, मधल्या धारेला ओढ एवढी की मगरसुद्धा कडेच्या संथ पाण्याकडे सरकते, आणि ते कडेचं पाणी म्हणजे तुमची-आमची सोसायटी. मग पाणी उतरतं आणि ही बाई जनरेटरच्या मागे अडकून राहते. छोटी पिल्लं तर कांसेतून (म्हणजे पावसाच्या पाण्याच्या नाल्यातून) येतात, भूखी कांस ज्यांच्या मागून जाते त्यांना सांगायलाच नको.

म्हणून तयारी जूनच्या आधी. गेटच्या खालची फट बघा, चार बोटांपेक्षा जास्त असेल तर पट्टी मारून घ्या, ड्रेनेजच्या तोंडाला जाळी बसवा, मागच्या बाजूचं गवत आणि भंगार काढा कारण लपायला तीच जागा मिळते. कुत्र्याचं जेवण बाहेर ठेवायचं नाही, कुत्राही बाहेर बांधायचा नाही. वनविभागाच्या रेस्क्यूचा नंबर सोसायटीच्या ग्रुपवर पिन करा आणि एकदा लावून बघा की चालतो का! आम्ही ऐन वेळी शोधत बसलो, पहिल्या फोनवर "तुमचा एरिया आमच्याकडे नाही" ऐकलं, दुसरा कोणी उचललाच नाही, तिसऱ्याला लागला तोवर पाऊण तास गेला. काहीच लागलं नाही तर 112 आहेच.

पूर असताना गुडघाभर पाण्यात चालायचं नाही, दुधासाठी तर अजिबात नाही. गढूळ पाण्यात मगर दोन हातांवर असली तरी दिसत नाही. आणि पाणी उतरल्यावर लगेच खाली धावू नका, हीच वेळ खरी वाईट. आधी जिन्यावरूनच टॉर्च मारा, जमिनीलगत, गाड्यांच्या खाली. मगरीचे डोळे टॉर्चमध्ये लालसर निखाऱ्यासारखे चमकतात, एकदा बघितलं की विसरत नाही माणूस. आमच्या शेजारच्या मावशी टॉर्च न घेताच उतरल्या, अ‍ॅक्टिवाच्या मागे काहीतरी ओंडका वाहून आलाय असं वाटून पायाने सरकवणार तोच कुकरची शिटी व्हायच्या आधी जसा आवाज येतो ना तसा सूंऽऽ आवाज आला. मावशी तीन पायऱ्या एका ढांगेत! तो आवाज म्हणजे तिची वॉर्निंग, "लांब राहा". वॉर्निंग दिली म्हणजे हल्ला करायचा तिचा विचार नाही असं समजा, पण तुम्ही पुढे गेलात तर तो बदलू शकतो.

दिसली की काय करायचं? थांबायचं, आणि तिच्याकडे तोंड ठेवूनच हळूहळू मागे यायचं. वीस फूट तरी अंतर ठेवा, शेपटीचा फटका पण कमी नसतो. ती चालत असेल आणि नदीच्या दिशेला रस्ता मोकळा असेल तर तो मोकळाच ठेवा, बहुतेक वेळा ती स्वतःच निघून जाते. कोपऱ्यात अडकली असेल तर माणसं बाहेर काढून गेट लावून घ्या आणि फोनवर नीट सांगा: किती फुटी, तोंड कुठल्या बाजूला, जवळची खूण काय, गाडी आत येईल का पाणी आहे.

मग खरं काम सुरू होतं, गर्दी आवरायचं. "मगर छे मगर!" अशी आरोळी गेली की पाच मिनिटांत अख्खी गल्ली जमते, कोणी दगड मारतं, कोणी बादली फेकतं, एक काका तर नातवाला खांद्यावर घेऊन व्हिडिओ काढायला वाकले होते, मी हात जोडले त्यांच्यापुढे. आजी म्हणायची "सुसरबाई तुझी पाठ मऊ", ते म्हणणारा निदान घाबरलेला तरी होता, हे काका तर तेवढेही नाहीत. सोसायटीतल्या दोन आवाजदार बायकांना गेटवर उभं करा, पुरुषांपेक्षा त्यांचं जास्त ऐकतात (अनुभव).

स्वतः पकडायला जाऊ नका, रीलमध्ये सोपं दिसतं ते. आमच्याकडे आलेल्या रेस्क्यूच्या मुलांनी ओलं पोतं आधी तिच्या डोळ्यांवर टाकलं, अंधार झाला की ती शांत होते, मग गळ्यात फास, मग जबडा मिटून टेप. गंमत म्हणजे मगरीचा जबडा मिटायला भयंकर ताकदीचा पण उघडायचे स्नायू कमजोर, म्हणून साधी टेप पुरते. पण टेप लावेपर्यंतचे ते दोन मिनिट शिकलेल्या माणसाचेच. मारणं तर विसराच, 1972 च्या कायद्यात मगर पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंगतीत, तीन ते सात वर्षं जेल.

देव न करो पण कोणाला धरलंच तर डोळ्यांवर आणि नाकावर मारत राहा, सुटला की थेट हॉस्पिटल, वरून जखम बारीक दिसली तरी. तिच्या तोंडातली घाण आत गेलेली असते, हळद लावून बसू नका.

पावसाच्या आधी, मे-जूनमध्ये, काठावर वीतभर लांबीची पिल्लं दिसतात, सरड्यासारखी गोड. बादलीत घालून मुलांना दाखवायला आणू नका, आई जवळच असते. तिने फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास काठावर खड्डा करून पंचवीस-तीस अंडी घातलेली असतात आणि तेव्हापासून ती राखत बसलेली असते, त्या दिवसात काठाला कपडे धुणं, निर्माल्य टाकायला खाली उतरणं बंद ठेवा. आणि चिकनवाल्यांनो, उरलेलं नदीत टाकू नका प्लीज, पुलाखाली खायला मिळतं हे एकदा कळलं की ती पूल सोडत नाही.

बघायचीच हौस असेल तर डिसेंबर-जानेवारीत दुपारी काळा घोडा पुलावर जा, कठड्याच्या आतूनच. ऊन खात पडलेल्या दिसतात, तोंड उघडं टाकून. रागावलेली नसते ती, अंग जास्त तापू नये म्हणून तसं करते. मागच्या वर्षी नणंदबाईंना तिथेच नेलं होतं, अर्धा तास शोधत होत्या, "कुठे गं, चिखलच तर आहे". मग चिखलाने डोळा मिटला.